गाओकाओचे इंग्रजी: ऐकण्या-वाचण्याची तालीम

चीनमध्ये विद्यापीठ प्रवेशासाठी दरवर्षी ७ जूनपासून होणाऱ्या राष्ट्रीय परीक्षेला गाओकाओ म्हणतात. २०२४ साली तिच्यासाठी १ कोटी ३४ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी नावे नोंदवली होती. बहुतेक प्रांतांत ती ७५० गुणांची असते आणि त्यातले प्रत्येकी १५० गुण चिनी, गणित आणि परकी भाषा या तीन विषयांना असतात. परकी भाषा म्हणून इंग्रजी, रशियन, जपानी, जर्मन, फ्रेंच किंवा स्पॅनिश यांपैकी एक निवडता येते. निवड अशी सहांतून असली तरी बहुसंख्य मुले इंग्रजीच घेतात. हा पेपर ८ जूनला दुपारी ३ ते ५ या वेळेत होतो. देशभर सर्वाधिक प्रांतांत चालणाऱ्या नव्या आराखड्यात ३० गुण ऐकण्याला आणि ५० गुण वाचनाला आहेत. उताऱ्यातल्या गाळलेल्या जागी पर्याय निवडण्याचे १५ गुण धरले, तर १५० पैकी ९५ गुण इंग्रजीचा एक शब्दही न लिहिता, उत्तरपत्रिकेवरचे चौकोन पेन्सिलीने काळे करून मिळवता येतात. चिनी शाळांमध्ये इंग्रजी कशी ऐकली आणि वाचली जाते, हे समजायला एवढा एक हिशेब बराच उपयोगी पडतो.

इंग्रजीला हे स्थान एकदम मिळाले नाही. १९५२ पासून चालू असलेली ही परीक्षा सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, १९६६ मध्ये बंद पडली आणि १९७७ च्या हिवाळ्यात पुन्हा सुरू झाली. त्या वेळी सुमारे ५७ लाख उमेदवार बसले आणि त्यांपैकी पावणेतीन लाखांच्या आसपास निवडले गेले. शेतावर, कारखान्यात दहा-दहा वर्षे काढून आलेल्या त्या उमेदवारांकडून परकी भाषेची अपेक्षा ठेवणेच अवघड होते. पन्नाशीच्या दशकात शाळांतून रशियन शिकवली गेली होती, इंग्रजीचे शिक्षक मोजकेच होते. म्हणून सुरुवातीला परकी भाषेचे गुण केवळ संदर्भासाठी पाहिले जात, आणि पुढे ते पायरीपायरीने एकूण गुणांत धरले जाऊ लागले: १९८० मध्ये ३० टक्के, १९८१ मध्ये ५०, १९८२ मध्ये ७० आणि १९८३ पासून पूर्ण १००. तीन वर्षांत एक विषय असा वर चढवल्यावर देशभरच्या शाळांची काय धावपळ झाली असेल, याची कल्पना करता येते.

परीक्षेचे आजचे रूप मात्र ग्वांगडाँग प्रांतात घडले. ग्वांगझौमधले भाषाशास्त्रज्ञ ग्वे शिच्युन आणि त्यांच्या सहकारी ली श्याओजू यांनी १९८५ मध्ये तिथे प्रमाणित इंग्रजी चाचणीचा प्रयोग केला. तोपर्यंतच्या पेपरांत व्याकरणाचे नियम, भाषांतर आणि पाठांतर यांचा भरणा असे. तो मोडून मुलांना भाषा वापरता येते का हे तपासावे, आणि तपासणी यंत्राने करून परीक्षकाच्या मर्जीचा प्रश्नही मिटवावा, असा दुहेरी हेतू होता. परीक्षा बदलली की शिकवणेही बदलेल, हा त्यामागचा विश्वास. हा नमुना पुढे देशभर पसरला. ऐकण्याचा विभाग मात्र मागे राहिला, कारण त्याला ध्वनियंत्रणा, वीज आणि शांतता लागते. खेड्यापाड्यातल्या परीक्षाकेंद्रांत या तिन्ही गोष्टींची हमी देता येत नव्हती. विसावे शतक संपता संपता तो एकेका प्रांतात सुरू झाला.

आज ऐकण्याचा विभाग साधारण २० मिनिटांचा असतो. त्यात २० प्रश्न असतात, प्रत्येकी दीड गुणाचे, आणि प्रत्येकाला तीनच पर्याय. पहिल्या भागात पाच छोटे संवाद असतात. दोघांची एकदोन वाक्ये, त्यावर एक प्रश्न, आणि ध्वनिफीत एकदाच. उत्तर देऊन पुढचा प्रश्न वाचायला १० सेकंद मिळतात. दुसऱ्या भागात पाच लांब संवाद किंवा एकाच व्यक्तीचे बोलणे असते. ते दोनदा ऐकवतात, आधी प्रश्न वाचायला आणि नंतर उत्तर द्यायला प्रश्नामागे पाच-पाच सेकंद देतात. सूचना चिनी भाषेत येतात. प्रश्न सुरू होण्याआधी एक नमुना असतो आणि तो चिनी तरुणांच्या किमान दोन पिढ्यांना तोंडपाठ आहे: शर्टाची किंमत किती? पर्यायांत १९ पौंड १५ पेन्स, ९ पौंड १८ पेन्स आणि ९ पौंड १५ पेन्स. उत्तर ९ पौंड १५ पेन्स. वर्षागणिक हे उत्तर कधी बी तर कधी सी पर्यायाखाली गेले, पण शर्टाची किंमत पेन्सभरही वाढलेली नाही. समाजमाध्यमांवर या शर्टावरून होणारे विनोद संपत नाहीत.

या नमुन्यातच या विभागाची सगळी कळ आहे. आकडे एकमेकांशी मिळतेजुळते ठेवायचे आणि ऐकणाऱ्याने नेमका फरक पकडावा अशी व्यवस्था करायची. प्रत्यक्ष प्रश्न याच्या एक पाऊल पुढे जातात. समजा, पर्यायांत सव्वासात, साडेसात आणि पावणेआठ दिले आहेत. संवादात बाई म्हणते, की चित्रपट साडेसातचा होता, पण आता पंधरा मिनिटे उशिरा लागणार आहे. साडेसात हा आकडा कानावर स्पष्ट पडतो, पण उत्तर पावणेआठ, आणि ते कोणीच उच्चारलेले नसते. 'पण' शब्दानंतर काय येते तिकडे लक्ष द्या, ही इंग्रजीच्या वर्गातली सर्वांत जुनी शिकवण. संवाद कुठे चालला आहे, बोलणाऱ्यांचे नाते काय, बाईच्या म्हणण्याचा अर्थ काय, आता पुरुष काय करील, असे प्रश्नांचे ठरलेले साचे आहेत. बोलणारे सरासरीपेक्षा सावकाश, स्वच्छ आणि एकमेकांना न तोडता बोलतात. खऱ्या दुकानात किंवा रेल्वे फलाटावर इंग्रजी अशी कधीच कानी पडत नाही, हा या ध्वनिफितींवरचा जुना आणि रास्त आक्षेप आहे.

सरावही साच्यांबरहुकूम होतो. वर्गात भिंतीवरच्या ध्वनिक्षेपकातून रोजचा एक संच वाजतो. परीक्षा दुपारी असते म्हणून काही शाळा तो मुद्दाम दुपारीच लावतात. पूर्वी यासाठी कॅसेट होत्या, मग सीडी आल्या. आता सरावपुस्तकाच्या कोपऱ्यावर क्यूआर कोड छापलेला असतो. चांगले शिक्षक एकच संच दोन-तीन पद्धतींनी वापरतात. पहिल्यांदा परीक्षेसारखा, घड्याळ लावून. मग तोच पुन्हा थांबवत थांबवत, ऐकू आलेले वाक्य जसेच्या तसे उतरवत. नंतर संहिता पुढे घेऊन, कुठले दोन शब्द जोडून बोलले गेले आणि म्हणून ओळखू आले नाहीत, त्यावर खुणा करत. शेवटी फितीच्या मागोमाग मोठ्याने म्हणत. दुसरी पायरी सर्वांत कंटाळवाणी आणि सर्वांत उपयोगाची. वेळ अपुरा पडला की नेमकी तीच गळते आणि उरतो तो चाचण्यांचा ढीग. फीत सुरू होण्याआधी पर्याय वाचून घेणे, आकडे आणि ठिकाणांची नावे अधोरेखित करणे, एखादा प्रश्न हुकला तर त्याचे दुःख न करता पुढे जाणे, या युक्त्या मात्र प्रत्येक मुलाला शिकवल्या जातात. शेवटची युक्ती सांगायला सोपी आणि पाळायला अवघड, कारण एक संवाद सुटला की पुढच्या संवादाची पहिली ओळ हमखास निसटते.

वाचनाच्या विभागात चार उतारे असतात आणि त्यांवर १५ प्रश्न. पहिला उतारा बहुधा जाहिरात, माहितीपत्रक किंवा वेळापत्रक असतो. दुसरा एखाद्या माणसाची गोष्ट सांगतो. तिसरा-चौथा विज्ञान, समाज किंवा नव्या पुस्तकाविषयी असतो. २०२३ च्या नव्या आराखड्याच्या पहिल्या पेपरात ॲम्स्टरडॅममध्ये भाड्याने मिळणाऱ्या सायकलींची माहिती होती, वनस्पती आणि जिवाणूंच्या मदतीने सांडपाणी शुद्ध करणाऱ्या जॉन टॉड यांच्यावर उतारा होता, आणि पुष्कळ लोकांच्या अंदाजांची सरासरी एकट्याच्या अंदाजापेक्षा बरोबर का येते यावरही एक होता. यादीबाहेरचा अवघड शब्द आला तर त्याचा अर्थ कंसात चिनीत दिलेला असतो. ही यादी म्हणजे मुलांच्या दप्तरातली सुमारे साडेतीन हजार शब्दांची पुस्तिका. पण खरी अडचण अनोळखी शब्दांची नसते. ओळखीचा शब्द अनोळखी अर्थाने येतो तिथे मुले फसतात. 'ॲड्रेस' म्हणजे पत्ता हे पाठ असलेल्या मुलाला एखादा प्रश्न 'ॲड्रेस' करणारी संस्था भेटली की वाक्य अडते.

या चार उताऱ्यांनंतर सात वाक्यांमधून पाच निवडून रिकाम्या जागी बसवण्याचा प्रश्न येतो. दोन वाक्ये मुद्दाम जास्तीची असतात. या प्रश्नात शब्दसंग्रह फारसा कामी येत नाही. आधीच्या वाक्याशी नवे वाक्य कशाने जोडले आहे, सर्वनाम कोणाकडे बोट दाखवते, परिच्छेद कुठे वळतो, हे पाहावे लागते. संपूर्ण पेपरात वाचनकौशल्य खऱ्या अर्थाने तपासणारा प्रश्न कोणता, असे विचारले तर याचेच नाव घ्यावे लागेल. चार उताऱ्यांत मात्र पर्याय चाळण्याची कला बरीच पुढे गेली आहे. उताऱ्यातला शब्द जसाच्या तसा पर्यायात दिसला तर शंका घ्या, तोच अर्थ दुसऱ्या शब्दांत आला तर विश्वास ठेवा, 'फक्त' आणि 'नेहमी' असलेल्या पर्यायाजवळ थांबा, आधी प्रश्न वाचा आणि मग उतारा. हे ठोकताळे बऱ्याचदा खरे ठरतात आणि त्यामुळेच घातक आहेत. उतारा न समजताही मूल तीन प्रश्न बरोबर सोडवू शकते.

तयारीच्या साहित्यात पाच वर्षांचे गाओकाओचे आणि तीन वर्षांचे सराव पेपर एकत्र देणारे पुस्तक घरोघरी माहीत आहे. शिवाय इंग्रजी साप्ताहिके, विषयवार उताऱ्यांचे संच आणि शेवटच्या वर्षात जवळजवळ रोज सुटे छापील कागद. सकाळी तास सुरू होण्याआधी पूर्ण वर्ग उभ्याने किंवा बसून इंग्रजी मोठ्याने वाचतो. पन्नास मुले एकाच वेळी वेगवेगळे वाचत असल्याने कुणाचे काही कळत नाही, पण डोळ्यावरची झोप मात्र उडते. हबेई प्रांतातल्या हंगश्वी माध्यमिक शाळेने तर अक्षरालाही वळण लावले. सुटी, सरळ, गोलसर, छापल्यासारखी दिसणारी इंग्रजी अक्षरे 'हंगश्वी वळण' म्हणून देशभर ओळखली जातात. उत्तरपत्रिका स्कॅन होऊन पडद्यावर तपासल्या जातात आणि परीक्षकाच्या डोळ्यांना थकवा कमी दिला तर गुण वाढतात, असा त्यामागचा व्यवहारी विचार आहे.

पर्याय चाळण्याची ही विद्या मोडण्यासाठी परीक्षा आखणाऱ्यांनी २०१६ मध्ये झजियांग प्रांतात नवा प्रश्न आणला. अर्धवट सोडलेली गोष्ट विद्यार्थ्याने वाचायची आणि दिलेल्या दोन वाक्यांपासून दोन परिच्छेदांत सुमारे १५० शब्दांत ती पुरी करायची. गोष्ट नीट कळली नसेल तर शेवट जुळत नाही, म्हणून वाचन आणि लेखन एकमेकांना बांधले जाते. वांग चुमिंग या भाषाशास्त्रज्ञाने या पद्धतीचा पाठपुरावा केला होता. आता हा प्रश्न नव्या आराखड्यात २५ गुणांचा आहे. शिकवणी वर्गांनी यावरही उपाय काढला: अश्रू, धडधडणारे हृदय आणि सूर्यकिरण यांची तयार वाक्ये पाठ करून कुठल्याही गोष्टीच्या शेवटाला चिकटवायची. झजियांगनेच २०१८ मध्ये आणखी एक वादळ पाहिले. नोव्हेंबरचा इंग्रजी पेपर अवघड गेला म्हणून वाचन आणि लेखनाच्या काही गुणांना गुपचूप भार देऊन ते वाढवण्यात आले. पालकांनी आकडेमोड करून ते पकडले, चौकशी झाली, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वाढवलेले गुण रद्द करून मूळ गुण परत दिले गेले आणि प्रांताच्या शिक्षण विभागाच्या प्रमुखाला पदावरून हटवण्यात आले.

प्रांतोप्रांती रीत सारखी नाही. ग्वांगडाँगमध्ये २०११ पासून ऐकणे आणि बोलणे संगणकावर तपासले जाते. तिथे मुले चित्रफितीतल्या निवेदकाच्या मागोमाग वाचतात, संभाषणात प्रश्न विचारतात आणि ऐकलेली गोष्ट पुन्हा सांगतात. बीजिंगने २०२१ पासून ऐकणे-बोलणे ५० गुणांचे करून ते लेखी परीक्षेपासून वेगळे काढले आणि वर्षातून दोन संधी दिल्या. त्यांतला चांगला गुण धरला जातो. एकाच दुपारी, एकाच फितीवर सगळे अवलंबून असण्याची धास्ती त्यामुळे कमी झाली. अनेक ठिकाणी मात्र ८ जूनची दुपार कायम आहे. इंग्रजीसाठी दुपारी २:४५ नंतर पोहोचलेल्या उमेदवाराला आत सोडत नाहीत. इतर विषयांना परीक्षा सुरू झाल्यानंतर १५ मिनिटांची सवलत असते, इथे सुरू होण्याआधीच दार बंद होते, कारण फीत वाजत असताना कोणी खुर्ची ओढली तरी शेजारच्याचा संवाद जातो. केंद्राजवळचे बांधकाम थांबते, गाड्यांना भोंगा वाजवायला मनाई असते. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांना या विभागातून सूट मिळते आणि लेखी भागात मिळवलेल्या गुणांच्या प्रमाणात त्यांचा एकूण गुण काढला जातो.

ग्वे शिच्युन यांच्या पिढीने धरलेल्या अपेक्षेचे काय झाले, याचा अभ्यास छी लूश्या या संशोधिकेने केला. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखाचा निष्कर्ष असा, की परीक्षा आखणाऱ्यांना भाषेचा वापर शिकवला जावा असे वाटत होते, तर शिक्षक आणि विद्यार्थी गुण मिळवण्यासाठी झटत होते. दोघांची दिशा वेगळी राहिल्याने परीक्षेने शिकवणे अपेक्षेप्रमाणे बदलले नाही. या विषयाचे वजन कमी करावे, अशी मागणीही अधूनमधून होते. बीजिंगने २०१३ मध्ये इंग्रजीचे गुण १५० वरून १०० करण्याचा मसुदा मांडला होता, तो अमलात आला नाही. शालेय शिक्षणातला मुख्य विषय म्हणून इंग्रजी काढून टाकावी, असा प्रस्ताव २०२१ मध्ये राष्ट्रीय राजकीय सल्लागार परिषदेत एका सदस्याने मांडला आणि शिक्षण मंत्रालयाने तो मान्य केला नाही. दरम्यान, इंग्रजीत मागे पडलेली काही मुले जपानी घेऊ लागली आहेत. चिनी आणि जपानी लिपीत पुष्कळ चित्राक्षरे समान असल्याने तिथे वाचनाचे गुण लवकर हाती येतात, आणि काही खासगी शाळा हा पर्याय आता उघड सुचवतात.