झिरो डेप ते उंदीरमामा: शोरूममधल्या ‘ॲड-ऑन’ची अजब दुनिया

गाडी पसंत पडली, रंग ठरला, घरच्यांचा होकार आला. पाडव्याची डिलिव्हरी पक्की, पेढ्यांची ऑर्डर गेली! आणि तेवढ्यात डीलर एक कागद पुढे सरकवतो. झिरो डेप, रिटर्न टू इन्व्हॉइस, इंजिन प्रोटेक्ट, की कव्हर, एक्स्टेंडेड वॉरंटी, टेफ्लॉन कोटिंग... अहो, ही गाडीची यादी की लग्नाच्या बस्त्याची?

थांबा, पेन जरा खाली ठेवा. त्या यादीतल्या प्रत्येक ओळीमागे एक भन्नाट किस्सा आहे. या ॲड-ऑननी कोर्टाच्या पायऱ्या चढल्यात, हॉलिवूड गाजवलंय आणि देशोदेशीच्या सरकारांना घाम फोडलाय. चला, सीटबेल्ट लावा, मारा स्टार्टर!

सक्तीचं किती, मर्जीचं किती?

माहीत आहे का, त्या लांबलचक यादीत कायद्याने सक्तीचं फारच थोडं असतं? मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे थर्ड पार्टी इन्शुरन्स हवाच. सुप्रीम कोर्टाच्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तो एकदम तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा घ्यावा लागतो. जोडीला गाडी चालवणाऱ्या मालकाचा १५ लाखांचा अपघात विमा. बाकीचं? तुमची मर्जी!

आणि हे ऐका: तुमच्या नावावर आधीच एक गाडी असेल आणि तिच्यासोबत हा १५ लाखांचा अपघात विमा घेतलेला असेल, तर दुसऱ्या गाडीसाठी तो पुन्हा घ्यायची गरज नाही. जुनी पॉलिसी कपाटातून काढा, पैसे वाचवा.

‘इन्शुरन्स आमच्याकडूनच घ्यावा लागेल’ असं कुणी म्हणालं तर? गोड हसा आणि नकारार्थी मान हलवा. विमा नियामक ‘इर्डा’ने २०१७ मध्ये डीलरना विमा विकण्याची रीतसर चौकट घालून दिली, पण ग्राहकावर जबरदस्ती करायची मुभा दिली नाही. कंपनी निवडायचा हक्क तुमचाच.

बंपर धमाका, अर्धाच हप्ता!

कालच घेतलेली गाडी आज गेटला घासली. बंपर गेला! साध्या पॉलिसीत कंपनी किती देईल, माहीत आहे का? अर्धे! गाडी नवीकोरी असली तरी प्लास्टिक, रबर, टायर आणि बॅटरी यांवर घसारा थेट ५० टक्के. बंपर प्लास्टिकचा, म्हणून निम्मा खर्च तुमच्या खिशातून.

काचेचं मात्र उलटं. तिच्यावर घसारा शून्य. काच फुटली तर पार्टचे पूर्ण पैसे, बंपर फुटला तर अर्धे. नाजूक बाईसाहेबांचा रुबाबच वेगळा!

धातूच्या पार्टचं वय मोजतात. पहिले सहा महिने शून्य, वर्षापर्यंत ५ टक्के, दुसऱ्या वर्षी १०, आणि दहा वर्षांपलीकडे थेट ५०. यातली बरीचशी कपात (टायर-बॅटरी सहसा सोडून) पुसून टाकतं ते ‘झिरो डेप’, म्हणजे शून्य घसारा. नव्या गाडीसाठी हा खरोखर कामाचा सौदा.

पण ‘झिरो’ म्हणजे अगदी झिरो नाही हं! प्रत्येक क्लेममध्ये १५०० सीसीपर्यंतच्या कारला १,००० आणि त्यावरच्या कारला २,००० रुपये तुम्हालाच भरावे लागतात. शिवाय वर्षात किती क्लेम चालतील, यावर बऱ्याच पॉलिसींत मर्यादा असते. तो आकडा आधी विचारा.

आणि कोर्ट म्हणालं, बंपर टू बंपर!

ऑगस्ट २०२१. मद्रास हायकोर्टाने आदेश दिला: १ सप्टेंबरपासून प्रत्येक नव्या गाडीला पाच वर्षांचा ‘बंपर टू बंपर’, म्हणजे संपूर्ण संरक्षणाचा, विमा सक्तीचा. विमा कंपन्यांत एकच धावपळ! पण सप्टेंबर अर्धा होतो न होतो, तोच कोर्टाने आदेश मागे घेतला. अंमलबजावणी सध्याच्या स्थितीत शक्य नाही, हे पटलं. एखाद्या मान्सून सेलइतकंच त्या आदेशाचं आयुष्य!

हा आरटीआय वेगळा

आरटीआय म्हटलं की आपल्याला माहितीचा अधिकार आठवतो. शोरूममधला आरटीआय म्हणजे ‘रिटर्न टू इन्व्हॉइस’. गाडी चोरीला गेली किंवा पार चक्काचूर झाली, तर मूळ बिलाइतके पैसे परत.

गंमत आकड्यांत आहे. समजा, पेट्रोल कारची एक्स-शोरूम किंमत १० लाख. महाराष्ट्रात ११ टक्के रोड टॅक्स, म्हणजे १ लाख १० हजार वर. पण विम्यातली किंमत, म्हणजे आयडीव्ही, पहिल्याच दिवशी ५ टक्क्यांनी उतरून साडेनऊ लाख, आणि तीत रोड टॅक्स धरतच नाहीत. दीड लाखाहून मोठं भगदाड पहिल्याच दिवशी! सहा महिन्यांनंतर आयडीव्ही ठरवताना कपात १५ टक्के, मग भगदाड आणखी रुंद. ते बुजवायला हा आरटीआय. डोक्यावर मोठं कर्ज असेल तर याचा विचार जरूर करा. फक्त पॉलिसीत रोड टॅक्स आणि रजिस्ट्रेशन धरलंय का, ते वाचून घ्या.

आणि ‘टोटल लॉस’ कधी म्हणतात, माहीत आहे का? दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपलीकडे गेला की!

पाणी आलं, चावी फिरवू नका!

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. मुंबईतल्या हजारो गाड्या पाण्यात. २०२१ च्या जुलैत चिपळूणने वाशिष्ठी नदीच्या पुरात तेच पाहिलं.

माहीत आहे का, अशा गाडीचं इंजिन पाण्यापेक्षा चावीमुळे जास्त मरतं? हवा दाबली की दबते, पाणी दबत नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की पिस्टन पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हेच ते ‘हायड्रोस्टॅटिक लॉक’. गाडी बुडाली हे नैसर्गिक संकट, पण बुडालेली गाडी सुरू करायला गेल्यावर झालेलं इंजिनचं नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही. तिथे ‘इंजिन प्रोटेक्ट’ लागतं.

सखल भागात राहता? बेसमेंटमध्ये पार्किंग आहे? मग या ओळीवर टिक करा. डोंगरमाथ्यावर राहत असाल तर निवांत विचार करा. आणि कव्हर असो वा नसो, पाण्यातून निघालेल्या गाडीला टो करूनच न्या. टो पहिला, स्टार्टर नंतर!

गणपतीचं वाहन तुमच्या वाहनात

उंदीरमामांना बॉनेटखालची ऊब फार आवडते, आणि वायरी तर त्याहून. म्हणून शोरूमच्या यादीत ‘अँटी-रोडंट ट्रीटमेंट’ असते.

पण जपानी डोकं बघा! होंडाने वायरींवर गुंडाळायची एक खास टेप काढली. तिच्यात काय घातलंय, माहीत आहे का? कॅप्सेसिन! म्हणजे मिरचीतला तिखटपणा. मामांनी चावा घेतला की थेट ठेचा! आपण गाडीला लिंबू-मिरची बाहेरून बांधतो, होंडाने ती आत घातली.

टेफ्लॉन: चुकून सापडलेलं सोनं

‘साहेब, टेफ्लॉन करून देऊ?’ हे वाक्य शोरूममध्ये ऐकलं नसेल असा माणूस विरळा. पण हे टेफ्लॉन कुणी शोधायलाच निघालं नव्हतं. ६ एप्रिल १९३८ रोजी ड्युपाँट कंपनीतले रॉय प्लंकेट फ्रिजमध्ये वापरायच्या वायूवर काम करत होते. सिलिंडरमधून वायू येईना, म्हणून तो कापला, तर आत पांढरी निसरडी पावडर! तीच पुढे तव्यावर आली आणि आता गाडीवर चढते. कोटिंग बाहेरही करून मिळतं, तेव्हा दोन ठिकाणी भाव विचारा आणि मगच चमका.

दोन चाव्या, लाखाची गोष्ट

गाडी चोरीला गेल्यावर विमा कंपनी तुमच्याकडे काय मागते, माहीत आहे का? चाव्या! दोन्ही ओरिजिनल चाव्या. एक हरवली असेल तर प्रश्नांची सरबत्ती सुरू. आजच्या स्मार्ट चावीची किंमत ऐकूनच ब्रेक लागतो, म्हणून ‘की रिप्लेसमेंट’ कव्हर निघालं. चाव्या विसरण्यात घरात ज्यांचा पहिला नंबर, त्यांच्यासाठी खास!

बोनस गाडीचा नाही, तुमचा!

वर्षभर क्लेम नाही? मग नो क्लेम बोनस: २०, २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षी ५० टक्के सूट, तुमच्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर. आता खरी गंमत. हा बोनस गाडीला चिकटलेला नसतो, मालकाला असतो. जुनी गाडी विकताना त्याचं सर्टिफिकेट घ्या आणि नव्या गाडीला लावा. शोरूमच्या कागदावर ही ओळ आपोआप उमटेलच असं नाही, तुम्ही विचारा! आणि पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत रिन्यू केली नाही, तर बोनस छू मंतर.

हवा विकणारे हुशार

आता विमान पकडा, अमेरिकेला! तिथे नव्या गाडीच्या टायरमध्ये नायट्रोजन भरून त्याचे वेगळे पैसे लावतात. साध्या हवेत नायट्रोजन किती, माहीत आहे का? तब्बल ७८ टक्के! चार चाकांत तो फुकटच फिरत असतो.

तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २०२३ मध्ये निरुपयोगी ॲड-ऑनवर बंदीचा नियम आणला. उदाहरण कोणतं दिलं होतं, ओळखा. इलेक्ट्रिक गाडीचं ऑइल बदलण्याचा करार! जिच्यात इंजिनच नाही, तिचं इंजिन ऑइल! पण जानेवारी २०२५ मध्ये अपील कोर्टाने हा नियमच रद्द केला. कारण? नियम करताना एक प्रक्रिया राहून गेली.

तीनदा ‘नको’ म्हणा!

अमेरिकेतल्या डीलरशिपमध्ये ‘३०० टक्के नियम’ शिकवतात. १०० टक्के ग्राहकांना, १०० टक्के प्रॉडक्ट, १०० टक्के वेळा दाखवायची. गणिताच्या बाईंनी कपाळावर हात मारला असता!

टोयोटाच्या तिथल्या कर्ज कंपनीची गोष्ट तर ऐकाच. ग्राहक हॉटलाइनवर फोन करून ॲड-ऑन रद्द करायला सांगत. पण तीनदा मागणी केल्याशिवाय विक्रीचं पालुपद थांबत नसे, आणि थांबल्यावर उत्तर मिळे: लेखी अर्ज पाठवा. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या ग्राहक-वित्त संस्थेने कंपनीला ६ कोटी डॉलर भरायचा आदेश दिला.

सिनेमाही मागे नाही. १९९६ च्या ‘फार्गो’मध्ये कार डीलरशिपचा सेल्स मॅनेजर ग्राहकाच्या माथी ‘ट्रूकोट’ नावाचं कोटिंग मारतो आणि ग्राहक भडकतो. त्याच चित्रपटाला सर्वोत्तम मूळ पटकथेचं ऑस्कर! ॲड-ऑनवरचा राग असा अजरामर झाला.

डॉलरमागे नऊ सेंट

ऑस्ट्रेलियाच्या नियामकाने २०१६ मध्ये कार डीलरमार्फत विकलेल्या विम्याचा हिशोब मांडला. तीन वर्षांत ग्राहकांनी प्रीमियम भरला १६० कोटी डॉलर. क्लेममध्ये परत मिळाले १४ कोटी ४० लाख. डॉलरमागे फक्त ९ सेंट! आणि डीलरचं कमिशन? ६० कोटी २० लाख डॉलर. क्लेमच्या चौपट!

ब्रिटनमध्ये आरटीआयच्या भावंडाला ‘गॅप’ म्हणतात. २०२४ मध्ये तिथल्या नियामकाने सांगितलं की या विम्याच्या प्रीमियमपैकी जेमतेम ६ टक्के क्लेममधून परत जातात आणि काही ठिकाणी कमिशन ७० टक्क्यांपर्यंत पोचतं. मग बऱ्याच कंपन्यांना विक्रीच थांबवावी लागली.

औषध काय? वेळ!

आता या सगळ्यातली सगळ्यात भारी गोष्ट. दोन्ही देशांनी यावर उपाय कोणता शोधला, माहीत आहे का? वेळ! ब्रिटनने सप्टेंबर २०१५ पासून नियम केला: ‘गॅप’ची माहिती दिल्यावर मध्ये दोन दिवस जाऊ द्या, मग विका. ऑस्ट्रेलियाने ऑक्टोबर २०२१ पासून ॲड-ऑन विम्याला चार दिवसांचा थांबा लावला.

कारण सोपं आहे. लाखोंचा चेक लिहिल्यावर वरचे पाच हजार चिल्लर वाटतात. घरी, चहा घेताना, तेच पाच हजार पुन्हा पाच हजार दिसतात!

आपल्याकडे असा थांबा नियमात नाही. मग तो आपणच घ्यायचा. कोटेशन व्हॉट्सॲपवर मागवा, प्रत्येक ॲड-ऑनची किंमत वेगवेगळी लिहून घ्या आणि एक रात्र जाऊ द्या. सकाळी त्या यादीला तीनच प्रश्न विचारा. माझ्या भागात हे संकट येतं का? हे कव्हर माझ्याकडे आधीच आहे का? बाहेर हे कितीला मिळतं?

तीन उत्तरं आली की झिरो डेपला बिनधास्त हो म्हणा, पुराच्या गावी इंजिन प्रोटेक्टला हो म्हणा आणि उरलेल्याला ‘नको’ म्हणताना अजिबात लाजू नका. डीलर तोच, गाडी तीच, पण यादी आता तुमची. फोडा नारळ, वाटा पेढे!