जुन्या बिऱ्हाडाची नवी खोली



"नोंदणीच्या कॉम्प्युटरचे काय झाले ते सोप्या भाषेत लिहा," असे संपादकांनी फर्मावले आहे. आम्ही पेशाने रसायनशास्त्रज्ञ. ज्या विषयावर मंडळातल्या कितीतरी घरांची चूल पेटते, त्यावर आम्ही लिहिणे म्हणजे उद्धटपणाच. चूक दिसल्यास पुढच्या बैठकीत चहाच्या वेळी जरूर कान धरावा.

प्रकरण सुरू झाले गेल्या वर्षीच्या जानेवारीत. आपले एक ज्येष्ठ सभासद, एकटेच राहणारे, दारापुढचा बर्फ काढताना कोसळले. शेजाऱ्याने ९११ ला फोन केला म्हणून निभावले. पण भारतात कळवायचे कोणाला? काका शुद्धीवर नाहीत आणि त्यांचा फोन कुलूपबंद. आपल्या सभासद नोंदणीत 'भारतातील संपर्क' असा रकाना आहे, तो नेमका अशाच वेळेसाठी. रात्री साडेअकराला आम्ही माजी सचिवांच्या बेसमेंटमध्ये पोचलो आणि मंडळाच्या कॉम्प्युटरचे बटण दाबले, तर दिवासुद्धा लागेना. छापील प्रत नव्हती का, असे विचाराल. होती, २०१६ सालची. काका सभासद झाले त्यानंतर. नाशिकच्या भावाचा नंबर ओळखीच्या ओळखीतून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाला. काका आता ठणठणीत आहेत. पण ती रात्र आम्ही विसरलेलो नाही.

कॉम्प्युटर उघडून पाहिला तेव्हा कळले की मदरबोर्ड गेला आहे, डिस्क मात्र शाबूत. नोंदणीचा प्रोग्रॅम आपल्याच एका सभासदाने २०११ मध्ये लिहिलेला. ते गृहस्थ आता पुण्याला परतले. प्रोग्रॅम पायथन भाषेच्या दुसऱ्या पिढीतला, जिचा सांभाळ १ जानेवारी २०२० पासून थांबला. खाली लिनक्सची डेबियन ६ ही आवृत्ती. तिचे नाव 'स्क्वीझ'. (डेबियनवाले आपल्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' चित्रपटातल्या पात्रांची नावे देतात. घरी मुलांना विचारा, स्क्वीझ कोण ते सांगतील.) नोंदी अशा स्वरूपात साठवलेल्या की त्या त्याच प्रोग्रॅमने वाचाव्यात. नवीन लिनक्सवर तो चालेना, आणि नवा लिहायला कोणाला सवड नव्हती.

आमच्या प्रयोगशाळेत आकडेमोडीचे मोठे प्रोग्रॅम कंटेनरमध्ये घालून चालवतात, म्हणजे कोणाच्याही मशीनवर ते सारखेच चालावेत. त्यावरून कल्पना सुचली, की डिस्कवरचे अख्खे लिनक्सच कंटेनरमध्ये का नेऊ नये?

कंटेनर म्हणजे काय? चाळ आठवा. प्रत्येक बिऱ्हाडाची खोली वेगळी, दार वेगळे, भांडीकुंडी आपापली; दार लावले की शेजारी काय शिजते ते दिसत नाही. पण गच्चीवरची पाण्याची टाकी सर्वांची एकच. लिनक्समध्ये ही टाकी म्हणजे कर्नल, हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिहायला घेतलेला गाभा. व्हर्च्युअल मशीन म्हणजे स्वतंत्र बंगला, विहिरीसकट. कंटेनर म्हणजे चाळीतली खोली. खोलीची युक्ती जुनी आहे. प्रोग्रॅमला एकाच कप्प्यात कोंडण्याची सोय युनिक्समध्ये १९७९ पासून होती. २००८ पर्यंत कोणत्या बिऱ्हाडाला किती पाणी, हे मोजून देण्याची सोय लिनक्सच्या कर्नलमध्येच आली, आणि २०१३ मध्ये डॉकर नावाच्या साधनाने हे सगळे आमच्यासारख्यांच्याही आवाक्यात आणले. विंडोज किंवा मॅकवर डॉकर वापरता तेव्हा आत गुपचूप एक व्हर्च्युअल मशीन चालू असते. कर्नल लिनक्सचाच लागतो ना!

डिस्कवरच्या सर्व फायलींचे एक गाठोडे बांधले. जे कर्नल चालू असतानाच तयार होते ते वगळले आणि गाठोडे डॉकरला दिले. वीस मिनिटांचे काम. मग मोठ्या ऐटीत चालू केले. काहीच नाही. एक अक्षर न बोलता बंद. फक्त १३९ हा आकडा मागे ठेवला. याचा अर्थ, प्रोग्रॅमने भलत्याच ठिकाणी हात घातला आणि कर्नलने त्याला बाहेर काढले.

तीन रात्री गेल्या. सौ. म्हणाल्या, "प्रबंधाच्या वेळीसुद्धा इतके जागला नव्हतात."

कारण सापडले ते मजेशीर आहे. जुन्या काळी किती वाजले हे विचारायला प्रोग्रॅम मेमरीतल्या एका ठरलेल्या पत्त्यावर जात असत. जिन्याखालचा जुना नळच म्हणा. पत्ता कायमचा ठरलेला असल्यामुळे तो चोरांच्याही सोयीचा, म्हणून नवीन कर्नलमध्ये हा नळ बंद केलेला असू शकतो. आमचे २०११ चे बिऱ्हाड आपल्या सवयीने घागर घेऊन तिथे गेले आणि तोंडघशी पडले! यजमान लॅपटॉप सुरू होताना कर्नलला 'व्हीसिसकॉल इम्युलेट' हा एक शब्द सांगितला, तेव्हा त्या पत्त्यावर नळाची नक्कल बसली आणि प्रोग्रॅम चालू झाला. आत विचारले, तू कोण? उत्तर आले, डेबियन ६. कर्नल कोणता विचारला, तर त्याचा जुना २.६.३२ नव्हे, लॅपटॉपचाच ६.१. खोली जुनी, टाकी नवी. व्हर्च्युअल मशीन घेतले असते तर हा घोळ झालाच नसता, हे कबूल. पण देणगीत मिळालेल्या आपल्या लॅपटॉपला बंगल्याचा भार झेपला नसता.

आता आमचा पराक्रम. पहिल्याच आठवड्यात तेवीस कुटुंबांचे बदललेले पत्ते आम्ही रात्री बसून भरले, कंटेनर बंद केला आणि झोपलो. सकाळी सगळे जुनेच पत्ते. कंटेनरमध्ये केलेले बदल एका पातळ थरात लिहिले जातात आणि कंटेनर काढून टाकला की थरही जातो. आम्ही तर बंद होताच काढून टाक अशी आज्ञा स्वतःच दिली होती. तेवीस घरी पुन्हा फोन केले. त्या ताई-दादांनी आम्हांला क्षमा करावी. आता नोंदी लॅपटॉपच्या फोल्डरमध्ये राहतात आणि कंटेनरला तो फोल्डर फक्त जोडलेला असतो. त्याची एक प्रत खजिनदारांकडे आणि एक आमच्याकडे असते.

कंटेनर म्हणजे तिजोरी नव्हे. या डेबियनला २०१६ नंतर सुरक्षेची डागडुजी मिळालेली नाही, म्हणून त्याचे नेटवर्क आम्ही पूर्ण तोडले आहे. पाकिटांवरच्या पत्त्यांची फाइल तो फोल्डरमध्ये ठेवतो, छापतो नवा कॉम्प्युटर. या अंकाच्या पाकिटावरचा पत्ता तिथूनच आला आहे.

यादी उघडल्यावर दिसले की 'भारतातील संपर्क' हा रकाना बऱ्याच घरांचा रिकामा आहे. काहींच्या बाबतीत तिथले आईवडील आता राहिलेले नाहीत. संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगुळाच्या टेबलाशेजारी आम्ही लॅपटॉप घेऊन बसणार आहोत. भावाचा, बहिणीचा, शेजाऱ्याचा, कोणाचाही चालू नंबर लिहून आणावा. छापील यादीही त्याच दिवशी निघेल, दोन प्रती.