कमानीखालचा लांकडी सांगाडा



दाराखिडकीवरची विटांची कमान आपण नित्य पाहतों; परंतु ती ज्या लांकडी सांगाड्यावर रचली गेली तो आपल्या दृष्टीस कधींच पडत नाहीं. काम होतांच तो काढून नेतात. कामावरचे लोक त्यास सेंटरिंग म्हणतात.

त्याची गरज कां पडते? शाळेंत असतांना मी दोन पुस्तकें एकमेकांस टेकवून उभीं करीत असें. एक काढलें कीं दुसरें पडलेंच. कमानींतली प्रत्येक वीट अशीच शेजारणीच्या रेट्यावर उभी असते. माथ्यावरची शेवटची वीट बसेपर्यंत हा रेटा पुरा होत नाहीं. तोंवर सारा भार सांगाड्यावरच. म्हणून विटा दोन्ही पायांकडून सारख्याच चढवीत न्याव्या लागतात. एकच बाजू पुढें गेली तर सांगाडा तिकडे दबतो व मधला भाग वर उचलला जातो.

सांगाड्याच्या टेकूंखालीं पाचरींच्या जोड्या उलटसुलट ठोकलेल्या असतात. कामाचें मर्म येथें आहे. पाचरी हळूहळू मागें ठोकल्या म्हणजे सांगाडा रेसभर खालीं येतो व कमान आपला भार आपण घेऊं लागते. घण घालून टेकू पाडणें हें कारागिराचें काम नव्हे!

पण पाचरी सैल कराव्या केव्हां? चुना किंचित् ओला आहे तोंच थोड्या सैल कराव्या, म्हणजे सांधे नीट दाबून बसतात, असें कित्येक जुने बांधकामवाले मानीत. ह्यांत तथ्य आहे, आणि धोकाही आहे. इंग्लंडांत मेडनहेड येथें थेम्स नदीवर ब्रुनेल ह्या इंजिनियरानें रेल्वेसाठीं विटांचा पूल बांधला. त्याच्या दोन मुख्य कमानी प्रत्येकीं १२८ फूट रुंद, आणि उंची अवघी २४ फूट! १८३८ सालीं सांगाडे सैल करतांच पूर्वेकडील कमानीच्या खालच्या थरांत विटा सुटल्या. मसाला पुरता आळला नव्हता. तो भाग दुरुस्त करावा लागला. त्यानंतर ब्रुनेलनें सांगाडे सैल केले, पण जागचे हलविले नाहींत. पुढें वादळी हवेनें ते कोसळले, तरी कमानी जशाच्या तशा उभ्या राहिल्या! १८३९ पासून त्या पुलावरून गाड्या जात आहेत.

हल्लीं पुष्कळ घरांत विटांची कमान ही केवळ दर्शनी थरांत असते. आंतला भार काँक्रीटची तुळई वाहते. तेवढ्यानें कित्येक घरधनी सांगाड्याचा खर्च वांचवूं पाहतात व दोन फळ्या कशाबशा टेकवून काम उरकतात. परंतु चार इंच जाडीच्या त्या विटांनाही मसाला आळेपर्यंत अधांतरीं राहतां येत नाहीं. सपाट दिसणाऱ्या कमानीलाही मध्यें अगदीं थोडा उठाव द्यावा लागतो, नाहींतर ती लोंबल्यासारखी दिसते. तो उठाव आधीं फळीला द्यावा लागतो, विटांना मागाहून देतां येत नाहीं.