मागचा माणूस कुठे चुकतो

आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ (१९५९) या चित्रपटात उपाहारगृहातला एक प्रसंग आहे. नायिका पिस्तूल काढते आणि नायकावर गोळी झाडते. मागे एका टेबलाशी निळ्या शर्टातला लहान मुलगा बसलाय. गोळी सुटायच्या आधीच तो दोन्ही कानांत बोटं घालतो. पुढे काय होणार हे त्या सगळ्या उपाहारगृहात फक्त त्यालाच ठाऊक! साठाहून जास्त वर्षं झाली, तरी लोक तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावतात आणि हसतात.

आपणही हसावं. पण असं होतं कसं, हे समजून घेतलं तर त्या मुलाबद्दल माया वाटू लागते. आज किनवटसारख्या तालुक्याच्या गावीही मुलं मोबाइलवर लघुपट करतात, यूट्यूबसाठी मालिका करतात आणि गर्दीसाठी काका-मावश्यांना, शेजाऱ्यांना उभं करतात. त्यामुळे ही माहिती नुसत्या गमतीची राहिलेली नाही, ती कामाचीही आहे.

समजा, किनवटच्या बाजारात एक प्रसंग घ्यायचा आहे. दोन भाऊ जमिनीच्या वाटणीवरून भर रस्त्यात भांडतात आणि बाजार थांबून पाहतो. भावांचं काम दोन कसलेले नट करतील. बाजार मात्र उभा करावा लागतो. त्याच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत आपण जाऊ.

पहिलं काम माणसं जमवण्याचं. मुंबईत हे काम ‘सप्लायर’ करतो, म्हणजे निर्मात्याला हवी तेवढी माणसं पुरवणारा मध्यस्थ. संवाद नसलेल्या या कलाकारांना पूर्वी ‘एक्स्ट्रा’ म्हणत, आता ‘ज्युनिअर आर्टिस्ट’ म्हणतात. सेटवर कसं वागायचं हे त्यांना सवयीनं माहीत असतं. गावात चित्रीकरण असेल तर गावकरीच उभे राहतात. त्यांचे चेहरे, चाल, बसण्याची ढब खरी असते आणि ती मुंबईहून आणता येत नाही. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ आणि ‘सैराट’मधल्या गर्दीला मातीचा वास आहे तो यामुळेच, असं मला ठामपणे वाटतं.

मात्र गावकऱ्याला कॅमेऱ्याचं कुतूहल असतं. ‘कॅमेऱ्यात बघू नका’ असं ओरडून सांगितलं की हमखास चार जण बघतात, कारण तोवर कॅमेरा नेमका कुठे आहे हे त्यांना ठाऊकच नसतं. त्यापेक्षा आधी कॅमेरा दाखवावा. जवळ येऊन पाहू द्यावं, मुलांना त्यातून डोकावू द्यावं. कुतूहल फिटलं की नजर आपोआप दुसरीकडे वळते. माहूरच्या जत्रेसारखी खरी गर्दी टिपायची असेल तर जाणकार मंडळी कॅमेरा एका जागी रोवून बराच वेळ नुसती उभी राहतात. लोक कंटाळून आपापल्या वाटेला लागले की मग चित्रीकरण सुरू करतात.

गर्दी किती मोठी असू शकते? ‘गांधी’ (१९८२) चित्रपटातली अंत्ययात्रा ३१ जानेवारी १९८१ रोजी दिल्लीत राजपथावर चित्रित झाली. त्या दिवशी सुमारे ३ लाख माणसं जमली होती, आणि तो जागतिक विक्रम मानला जातो. अंतिम चित्रपटात त्यातली जेमतेम दोन मिनिटं राहिली. एवढ्या गर्दीत प्रत्येकावर नजर ठेवणं कोणालाच शक्य नसतं. म्हणून कॅमेऱ्याजवळच्या पहिल्या काही रांगा नीट सांभाळायच्या आणि मागच्या रांगा लांबच ठेवायच्या, असा सगळीकडे रिवाज आहे.

दुसरी पायरी कपड्यांची. आपला बाजारातला प्रसंग आजचा असेल तर फार अडचण नाही. छातीवर मोठं नाव छापलेला टी-शर्ट किंवा डोळ्यांत भरणारा भडक रंग तेवढा मागे पाठवावा. ऐतिहासिक प्रसंगात मात्र पावलोपावली खड्डे असतात. मावळ्याच्या मनगटावरचं घड्याळ सगळ्यांना आठवतं, पण घड्याळ काढल्यावर उरलेला गोरा पट्टा कोणाच्या लक्षात येत नाही. दंडावरचा लस टोचल्याचा व्रणही तसाच. शिवकाळात लस कुठून आली? अंगरख्याच्या आत ठेवलेल्या मोबाइलचा चौकोनी उठाव, चपलेचा रबरी तळ, दोऱ्याऐवजी प्लॅस्टिकची राखी, असं बरंच काही निसटतं. तपासायचं असेल तर पायापासून सुरुवात करून वर डोक्यापर्यंत जावं, कारण चेहरा सगळेच बघतात आणि पाय कोणीच बघत नाही.

तिसरी पायरी सूचना देण्याची. माझ्या मते बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे. सहायक दिग्दर्शक हातात भोंगा घेऊन म्हणतो, ‘भांडण झालं की सगळ्यांनी रिॲक्शन द्या.’ मग सगळे एकाच क्षणी तोंडावर हात नेतात आणि एकाच क्षणी हात खाली घेतात. खऱ्या बाजारात असं कधी होतं का? भांडण ऐकून एखादा लगेच वळतो, दुसरा आधी सुटे पैसे मोजून घेतो, तिसरा नुसताच पुढे निघून जातो.

म्हणून प्रत्येकाला स्वतःचं छोटं काम द्यावं. मी कुठून आलो, कुठे चाललो आणि कशासाठी, एवढ्या तीन गोष्टी ठाऊक असलेला माणूस सहसा चुकत नाही. ‘मावशी, आपण वांग्यांचा भाव विचारताय आणि तो जास्त वाटतोय,’ असं सांगितलं की मावशींना अभिनय करावाच लागत नाही. ज्याला काम नसतं तो नायकाकडे टक लावून बघत राहतो, कारण त्याला बघण्यासारखं तेवढंच उरलेलं असतं.

किनवट भागात भाषेचाही विचार करावा लागतो. इथल्या बाजारात मराठीबरोबर तेलुगू, गोंडी आणि बंजारा बोलीही ऐकू येते. भोंग्यावरून मुंबईच्या हिंदीत दिलेली घाईची सूचना म्हाताऱ्या माणसाला कळत नाही. तो शेजाऱ्याकडे पाहून त्याच्यासारखं करतो आणि एकाची चूक दहा जणांची होते. प्रत्येक टोळीत तिच्या भाषेत समजावणारा एक जण नेमावा. सहस्रकुंड धबधब्याशी चित्रीकरण असेल तर पावसाळ्यात भोंगाही कामाचा नाही, पाण्याच्या आवाजात काहीच ऐकू येत नाही. तिथे रंगीत रुमालाची खूण आधीच ठरवून ठेवावी.

चौथी पायरी ऐकली की लोकांना नवल वाटतं. पडद्यावर गजबजलेला बाजार चित्रीकरणाच्या वेळी जवळजवळ मुका असतो. नटांचे संवाद जागेवरच ध्वनिमुद्रित होत असतील, ज्याला ‘सिंक साउंड’ म्हणतात, तर मागच्या माणसांनी आवाज करून चालत नाही. बाजाराचा कलकलाट वेगळा टिपून नंतर त्यावर चढवतात. तोवर मागच्यांनी नुसते ओठ हलवायचे, टाळी वाजवताना तळवे एकमेकांना लागू द्यायचे नाहीत, भांडं ठेवताना खाली फडकं घालायचं.

आवाज नसला की माणूस हातवारे वाढवतो. दोघंही एकाच वेळी बोलतात आणि दोघंही सारखी मान डोलवतात. जेम्स बाँडच्या ‘क्वांटम ऑफ सोलेस’मध्ये (२००८) बंदरावर नायकाच्या मागे एक माणूस झाडू मारताना दिसतो, पण त्याचा झाडू जमिनीला टेकतच नाही, तो हवा झाडतोय! आवाज होऊ नये म्हणून त्याने तसं केलं असण्याची दाट शक्यता आहे. म्हणजे त्याने सूचना पाळली आणि हसू मात्र त्याचं झालं. यावर उपाय साधा आहे. जोडीतल्या एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने ऐकायचं. झाडू, तराजू, सुपं असली कामं कॅमेऱ्यापासून एवढी लांब ठेवायची की ती खरोखर करता येतील.

आता प्रत्यक्ष टेक, म्हणजे एका सलग चित्रीकरणाची खेप. आधी ध्वनी सुरू होतो, मग कॅमेरा, मग क्लॅप. त्यानंतर ‘बॅकग्राउंड’ अशी हाक येते आणि गर्दी हलू लागते. मग क्षणभराने ‘ॲक्शन’ आणि नटांचं काम. या मधल्या क्षणाला फार महत्त्व आहे. दोन्ही हाका एकदम दिल्या तर किल्ली दिलेल्या खेळण्यासारखा सगळा बाजार झटक्यात चालू झालेला दिसतो.

कॅमेऱ्यासमोरून आडवं जाण्याला सेटवर ‘पासिंग’ म्हणतात. माणसं कमी असली की एकच माणूस डावीकडून उजवीकडे जातो, कॅमेऱ्यामागून फिरून येतो आणि पुन्हा डावीकडून निघतो. पांढऱ्या टोपीत हे खपतं. लाल फेटा बांधलेला आणि खांद्यावर पोतं घेतलेला माणूस मात्र प्रेक्षकाच्या लक्षात राहतो. दुसऱ्या फेरीआधी फेटा काढावा, पोतं दुसऱ्याकडे द्यावं.

कधी स्तब्धता हवी असते आणि ती सगळ्यांत अवघड. ‘फँड्री’त डुक्कर पकडायला धावणारं कुटुंब शाळेत राष्ट्रगीत सुरू होताच जागच्या जागी उभं राहतं. अशा प्रसंगात मागे कोणी नाक खाजवलं किंवा ओढणी सारखी केली तरी सगळा ताण विरून जातो. लहान मुलं आणि थकलेली वडीलधारी माणसं असतील तर असे टेक सकाळीच उरकावेत.

आता त्या निळ्या शर्टाच्या मुलाकडे येऊ. एकच प्रसंग अनेकदा घेतात, त्याला ‘रिटेक’ म्हणतात. तालमीत आणि आधीच्या खेपांत मोठा आवाज ऐकला की कानांना तो क्षण पाठ होतो. हात विचार न करता वर जातात. हे शरीराचं स्वतःला वाचवणं आहे, आणि मोठ्या माणसांनाही ते चुकत नाही. ‘द डार्क नाइट राइजेस’मधल्या (२०१२) एका मारामारीत मागचा एक गुंड कोणी हात न लावताच खाली कोसळतो. आपली पडायची वेळ त्याला पाठ झालेली असावी.

आपल्या प्रसंगात धाकटा भाऊ रागाने घागर आपटणार असेल, तर तालमीत घागर आपटूच नये, नुसतं ‘आता’ म्हणावं. खरा आवाज टेकमध्येच पहिल्यांदा होऊ द्यावा. मग दचकणं आपसूक येतं. मात्र आवाज मोठा किंवा घाबरवणारा असेल तर मुलांना आधी सांगायलाच हवं आणि मुलांना आवाजाजवळ बसवूच नये. चांगल्या टेकसाठी एखाद्या लेकराला घाबरवणं मला कदापि मान्य नाही.

काही चुका पोशाखामुळेही होतात. ‘स्टार वॉर्स’मध्ये (१९७७) पांढऱ्या चिलखतातले शिपाई एका खोलीत शिरतात आणि त्यातल्या एकाचं डोकं दाराच्या वरच्या कडेवर आपटतं. तसल्या शिरस्त्राणातून नीट दिसतच नाही. ही चूक इतकी लाडकी झाली की २००४च्या डीव्हीडीत तिला ‘ठक्’ असा आवाजही जोडला गेला. फेट्याचा शेव डोळ्यांवर येत असेल, नऊवारीत पटपट चालता येत नसेल, तर तालीम त्याच पोशाखात व्हायला हवी.

पुढे कॅमेऱ्याची जागा बदलते. तोच प्रसंग दुसऱ्या बाजूने घेताना पाणीवाला होता तिथेच हवा, चहाचा पेला तेवढाच भरलेला हवा. या सलगतेला ‘कंटिन्यूइटी’ म्हणतात. जेवणाच्या सुट्टीनंतर ती हटकून बिघडते. कोणी घरी निघून जातो, कोणी सावलीत सरकतो. सुट्टीआधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढून ठेवले तर निम्मं काम होतं.

एवढं करूनही चूक शिल्लक राहतेच, कारण संकलक, म्हणजे तुकडे जोडणारा, नटांचे डोळे पाहत असतो. दहा खेपांपैकी एकीत नटाचा आवाज नेमका हलतो आणि नेमक्या त्याच खेपेत मागे कोणीतरी कॅमेऱ्यात बघतो. अशा वेळी चांगला संकलक नटाची खेप निवडतो आणि ते योग्यच आहे. पूर्वी चित्रपटगृहात हे क्षणात निघून जायचं. आता घरच्या मोठ्या टीव्हीवर कोणीही चित्र थांबवून बघतो. ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या एका भागात (२०१९) मेजवानीच्या टेबलावर आजचा कॉफीचा कप राहिला होता. तो लगेच जगभर गाजला आणि एचबीओने पुढे डिजिटल पद्धतीने पुसून टाकला. छोट्या लघुपटाकडे तेवढा पैसा नसतो, म्हणून चित्रीकरण चालू असतानाच एका माणसाने फक्त मागचं पाहत बसावं. नटांकडे त्याने बघायचंच नाही.

एक मोठं उदाहरण हिमतीसाठी सांगतो. ‘लगान’चा (२००१) शेवटचा सामना कच्छमध्ये भुजजवळ चित्रित झाला, तेव्हा सुमारे १० हजार गावकरी जमले होते. उन्हात बसलेल्या त्या गर्दीत उत्साह यावा म्हणून आमिर खाननी स्वतः माइक घेऊन ‘गुलाम’मधलं त्यांचं गाणं म्हटलं आणि गर्दीने केलेला जल्लोष कॅमेऱ्यांनी टिपला. त्या माणसांना आनंद दाखवायला कोणी सांगितलं नाही, आनंद व्हावा अशी सोय केली.

आपण लघुपट करत असाल तर मागे उभं राहणाऱ्यांना सावली, पाणी आणि जेवण वेळेवर द्या, ठरलेला मोबदला पॅकअपच्या आधी हातात ठेवा, आणि शेवटच्या नामावलीत त्या प्रत्येकाचं पूर्ण नाव लिहा.