जगण्यावर प्रेम करावयास शिकविणारे गीत

कापूसवेचणीच्या दिवसांत एका संध्याकाळी आम्ही आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाच्या भेटीस गेलो होतो. पैनगंगेच्या अलीकडचे, आदिलाबाद जिल्ह्यातील ते लहानसे गाव. घरात मराठी, बाजारात तेलुगू. गुलाबी बोंडअळीने बोंडे आतून पोखरली होती आणि सावकाराचा निरोप दोनदा येऊन गेला होता. घरधनी ओसरीवर मुकाट बसले होते. आत त्यांची धाकटी मुलगी शाळेच्या कार्यक्रमासाठी एक भावगीत घोकत होती. गीत होते 'या जन्मावर, या जगण्यावर'.

"फादर," घरधनी म्हणाले, "हे गाणं लिहिणाऱ्याला कधी कापूस पेरावा लागला नसेल."

त्या वेळी आम्हांस उत्तर सुचले नाही. परंतु वाचकहो, तो प्रश्न आमच्यासोबत घरी आला.

हे गीत मंगेश पाडगावकरांचे. त्यांचा जन्म १९२९ साली वेंगुर्ले येथे झाला. गीतास चाल लावली यशवंत देव यांनी आणि ते गायिले अरुण दाते यांनी. दाते मूळचे इंदूरचे. त्यांनी वस्त्र-अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले होते व कापड-उद्योगात नोकरी केली होती. तेव्हा कापसाशी या गीताचा अगदीच संबंध नाही असे म्हणता येणार नाही! पाडगावकर २०१५ साली निवर्तले. दाते व देव दोघेही २०१८ साली गेले. गीत मात्र शाळेत, लग्नघरी, निरोप-समारंभात आजही गायिले जाते. ज्यांना कवीचे नावही ठाऊक नाही, त्यांना पहिले कडवे पाठ असते.

एवढे आयुष्य या गीतास कशामुळे लाभले? शब्द साधे आहेत, चाल गळ्यात बसणारी आहे, हे खरेच. परंतु आम्हांस वाटते, खरे कारण वेगळे आहे. हे गीत काळोख लपवीत नाही. त्यात सांजवेळ आहे, अंधाराचे दार आहे, मरणाचाही उल्लेख आहे. त्याच अंधाराच्या दारी कवीला चांदण्या दिसतात, तान्ह्याचे बोबडे बोल ऐकू येतात आणि पायांखालची माती प्रिय वाटते. धन, मान, यश यांचे त्यात नावही नाही. जे गरिबाच्या अंगणातही असते, तेवढ्याच आधारावर कवी जगण्याची बाजू घेतो.

शिवाय हा कवी भाबडा नव्हता. भीतीपोटी प्रत्येक बलवंतापुढे वाकणाऱ्या माणसाचे कडवट चित्र त्यांनी 'सलाम' या कवितेत रेखाटले. त्याच नावाच्या संग्रहास १९८० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. याच कवीने नव्या कराराचाही मराठी अनुवाद केला, हे आपल्या वाचकांस विशेष वाटेल. आपली स्तोत्रेही अशीच आहेत. त्यांतील कित्येक आक्रोशाने सुरू होतात आणि स्तुतीपाशी पोहोचतात. मधला आक्रोश कोणी खोडून टाकलेला नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा त्या घरी गेलो व हे सारे घरधन्यांस सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पोरीनं रोज म्हटलं, तेव्हा मलाही पाठ झालं." आणि त्यानंतर प्रथमच त्यांनी कर्जाचा आकडा बायकोसमोर उघड केला. दुसऱ्या दिवशी तिघे मिळून आम्ही बँकेत गेलो.

गाण्याने कर्ज फिटत नाही. परंतु मिटलेले तोंड उघडते, आणि ज्याचे तोंड उघडले त्याला मदत करता येते. आपल्या या कापसाच्या मुलुखात मुकेपणाने किती घरे उजाड केली, हे आम्ही सांगावयास नको. म्हणून, वाचकहो, शेजारच्या ओसरीवर कोणी फार दिवस गप्प बसलेले दिसले, तर त्याच्यापाशी जाऊन बसा. गाणे येत असेल तर म्हणा. न आल्यास नुसते त्याचे ऐका.