मुलांचे मूत्रपिंड आणि शरीराचे रक्षक



रोहिणखेडच्या भूमीने लढाया पाहिल्या आहेत. १४३७ साली बहामनी आणि खानदेशच्या फौजा येथेच भिडल्या. लढाईत जिंको कोणीही, उभे पीक तुडवले जातेच. लहान मुलांच्या मूत्रपिंडाच्या काही विकारांत असेच घडते.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. रक्तातला मळ बाहेर जावा, प्रथिने व रक्तपेशी आत राहाव्यात, हे त्यांचे काम. समजा, मुलाचा घसा सुजला, किंवा खरजेचे फोड पिकले. स्ट्रेप्टोकोकस या जंतूशी झुंजण्यासाठी शरीर प्रतिपिंडे तयार करते. जंतू हटतात, पण त्यांचे अंश आणि प्रतिपिंडे मिळून गाळण्यांत अडकतात व तेथे दाह पेटतो. म्हणून घशाच्या दुखण्यानंतर एक ते तीन, आणि फोडांनंतर तीन ते सहा आठवड्यांनी लघवी काळ्या चहासारखी होते, तोंड सुजते, रक्तदाब चढतो. वेळेवर उपचार झाल्यास बहुतेक मुले पूर्ण बरी होतात.

दुसरा विकार नेफ्रॉटिक सिंड्रोम. तो बहुधा दोन ते सहा वर्षांच्या मुलांत दिसतो. सकाळी पापण्या सुजतात, पुढे पाय व पोट. लघवीला फेस येतो. ‘बाळाने अंग धरले’ म्हणून घरचे हरखतात, आणि तिकडे प्रथिने वाहून जात असतात! यातील काही मुलांच्या रक्तात गाळणीतल्याच नेफ्रिन या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे असतात, असे २०२२ पासूनच्या संशोधनात दिसले आहे. राखणदारानेच धन्यावर काठी उगारावी, तसा हा प्रकार.

म्हणूनच येथले मुख्य औषध जंतू मारणारे नव्हे, तर राखणदाराला शांत करणारे आहे: प्रेडनिसोलोन. त्याने दहांपैकी आठांहून अधिक मुलांच्या लघवीतली प्रथिने थांबतात. मात्र सूज उतरली म्हणजे रोग गेला, असे नव्हे. पहिल्या खेपेस हे औषध सुमारे तीन महिने चालते, आणि दुखणे अनेकदा उलटते. मनानेच ते एकाएकी बंद करणे जिवावर बेतू शकते. शिवाय राखणदार शांत असताना साधा तापही अंगावर काढू नये.

तेव्हा एवढे करा: खरूज आणि घसा वेळीच दाखवा, पापण्या सुजल्या तर दृष्ट काढीत न बसता त्याच दिवशी लघवी तपासून घ्या. परीक्षा अगदी साधी आहे, पण तिने मूल वाचते.