गावाची लोकसंख्या कोणत्या महिन्याची?

येत्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. बर्फाळ प्रदेश वगळता देशभर माणसांची मोजणी फेब्रुवारीत होईल. २०११ मध्येही ती ९ ते २८ फेब्रुवारी या काळातच झाली होती. या संपूर्ण काळात जो गावाबाहेर असतो, त्याची नोंद गावात होत नाही. तो जिथे सापडेल तिथे होते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या गावांना हा नियम लावून पाहावा. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरतात आणि मार्च-एप्रिलमध्ये कारखाने बंद झाल्यावर परततात. म्हणजे मोजणीच्या वेळी निम्मे घरदार उसाच्या फडाशेजारच्या कोपीत असते. अशा गावाची म्हणून छापली जाणारी लोकसंख्या ही खरे तर त्याची फेब्रुवारीतली लोकसंख्या असते. ती वर्षभराची मानून आखलेले नियोजन चुकणारच.

माणसांइतकीच गफलत कामाच्या मोजणीत होते. वर्षात सहा महिने वा अधिक काम करणारा ‘मुख्य’, त्याहून कमी करणारा ‘सीमांतिक’ आणि केवळ घरकाम करणारी व्यक्ती ‘काम न करणारी’, अशी जनगणनेची विभागणी आहे. २०११ मध्ये देशाच्या ग्रामीण भागात पुरुषांचा कामातील सहभाग ५३ टक्के, तर स्त्रियांचा ३० टक्के नोंदला गेला. काम करणाऱ्या दर पाच स्त्रियांपैकी दोघी सीमांतिक ठरल्या. आता ऊसतोडीतल्या बाईचे वर्ष पाहा. पावसाळ्यात खुरपणी, मग कापूस वेचणी, त्यानंतर पाच महिने मोळ्या बांधणे आणि वाहणे. मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’ला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मजुरीचा हिशेब जोडीचा, पैसे बहुधा नवऱ्याच्या हाती. प्रगणकासमोर घरातल्या कर्त्याने ‘ती घरीच असते’ एवढे सांगितले, तर वर्षभर राबणारी बाई कागदावर बिनकामाची होते.

यावर पहिला आक्षेप असा की माणूस कुठे तरी मोजला जातोच, मग बिघडले काय? देशाची बेरीज करायची असेल तर काहीच नाही. पण पाणी, दवाखाना, अंगणवाडी या सोयी बेरजेला नव्हे, गावाला लागतात. जलजीवन मिशनचे माणशी दररोज ५५ लिटर पाणी आणि सपाट प्रदेशातील ५,००० लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र, हे दोन्ही निकष डोकी मोजूनच लागू होतात. विहिरी आटतात त्या एप्रिल-मेमध्ये, आणि माणसे परत येतात तीही तेव्हाच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एवढ्या मोठ्या देशात एकच तारीख ठरवावी लागते, आणि कोणतीही तारीख कुठल्या तरी गावाला गैरसोयीचीच असणार. हे मान्यच करायला हवे. म्हणूनच तारीख बदलण्याचा हट्ट उपयोगाचा नाही. नमुना पाहण्यांनाही मर्यादा आहे. त्या राज्याचा कल दाखवतात, एका गावाचा हिशेब देत नाहीत.

तो हिशेब गावानेच ठेवायला हवा, आणि ते अवघड नाही. कोणते कुटुंब कधी, किती महिन्यांसाठी, कोणाला घेऊन गेले, हे ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका आणि आशा यांना ठाऊक असते. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे चालतात, तीही अशाच माहितीवर. ती विखुरलेली माहिती वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर आणि मेमध्ये, एका नोंदवहीत उतरवून ग्रामसभेपुढे ठेवावी आणि पाणी-आरोग्याचे आराखडे त्यातल्या मोठ्या आकड्यावर करावेत. फेब्रुवारी २०२७ मध्ये प्रगणक दारात येईल, तेव्हा घरातल्या बाईच्या कामाचा प्रश्न तिलाच विचारला जावा, आणि तिने वर्षभरातले प्रत्येक काम महिन्यांसह सांगावे. गावातल्या शिक्षकांनी, सरपंचांनी आणि बचत गटांनी ही तयारी आतापासूनच करून घ्यावी.